तात्या बोलतुय, निघून ये

आमच्या धाराशिवकडं माणूस मेला तरी तो लगेच मरत नाही. आधी त्याची तब्येत जरा जास्त होते. मग तो लेकाची आठवण काढतो, नातवाला बघायचं म्हणतो, दोन घास पेजसुद्धा खातो, आणि हे सगळं फोनवर. लांबचं माणूस घाबरंल, गाडी जोरात हाणंल, वाटेत काहीतरी करून घेईल, म्हणून खरं कुणी सांगत नाही. ते त्याला दारात आल्यावर दिसतं. या रीतीचा मला लहानपणापासून संताप आहे. घरी मी तसं बोललो की माझे वडील, जे जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत, चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, दिग्विजय, तुला अजून असा फोन कुणाला करावा लागलेला नाही, म्हणून तुझी जीभ चालते.

मल्हारला तर या रीतीनं एकदा पुरतं फसवलं होतं. मल्हार माझा कॉलेजातला मित्र, बी.एस्सी.ला माझ्याच बाकावर बसतो. धनगराचं घर, येरमाळ्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती. तो अकरावीला लातूरच्या होस्टेलवर असताना त्याची आई सिताबाई वारली. थोरल्या चुलत्यांचा, म्हणजे रामहरी नानांचा फोन आला, की आई बोलतीय, तुझी आठवण काढतीय, ये निघून. मल्हार म्हणाला, तिच्याकडं फोन द्या. नाना म्हणाले, आत्ताच डोळा लागलाय तिचा. पोरगं खूश झालं. एसटी वाटेत थांबली तिथं त्यानं आईसाठी मोसंब्या घेतल्या. वस्तीवर पोचला तर अंगणात सगळी भावकी बसलेली, आणि हा पिशवी धरून एकेकाला विचारतोय की आई उठली का. हे त्यानं मला एकदाच सांगितलं. सांगताना आईच्या मरणापेक्षा त्या पिशवीवर जास्त रडला.

या जानेवारीत शहराबाहेरच्या मैदानावर पुण्याच्या एका गायकाचा कार्यक्रम ठरला. मल्हार त्या गायकाच्या पायी वेडा होता. त्याचा स्वतःचा आवाज असा, की मेंढरं वळवायला चांगला, गाण्याला नाही. तरी अंघोळीला गेला की कॉलेजच्या सगळ्या होस्टेलला ती गाणी ऐकावी लागत. मी वडिलांच्या ऑफिसातल्या एकाच्या मागं लागून लागून दोन पास मिळवले. मल्हारनं ते पास उशीखाली ठेवून झोपायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला म्हटलं, पास अंडी घालणार नाहीत.

एकच अडचण होती. त्याचे वडील, श्रीमंत तात्या, दिवाळीपासून छातीनं आजारी होते. दवाखान्यातून घरी आणलं होतं, आणि तसे बरे होते. उठून अंगणात बसायचे, शेळ्या-मेंढ्यांची चौकशी करायचे. मल्हार कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी जाऊन आला. कार्यक्रमाला जाऊ का नको, असं त्यानं भीत भीत विचारलं, तर तात्याच म्हणाले, जा की, गानं ऐकायला चाललास, लढाईवर न्हाय. आणि त्या गायकाचं एक गाणं मोबाइलवर लावायला लावलं. ते गाणं त्यांना मल्हारनंच शिकवलं होतं. मेंढरांमागं फिरताना तात्या ते म्हणत, शब्द सगळे चुकीचे.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मल्हारनं माझा लाल शर्ट मागून घेतला. मैदानावर कळंब, तुळजापूर, कुठून कुठून पोरं लोटली होती. थंडी होती, पण गर्दीत ती कुणाला लागत नव्हती. पहिलं गाणं सुरू झालं तसा मल्हार माझ्या खांद्यांवर हात ठेवून उड्या मारायला लागला. माझे खांदे निघायची वेळ आली. मी त्याला शिव्या दिल्या, त्या त्याला ऐकू गेल्या नाहीत. इतक्या आनंदात मी त्याला पुन्हा पाहिलेलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या गाण्याला त्याचा फोन वाजला. नानांचा होता. आम्ही गर्दीतून वाट काढत पाण्याच्या टँकरमागं गेलो. तिथंही नीट ऐकू येईना, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि आम्ही दोघं त्याच्यावर वाकलो.

"मल्हार, तात्या बोलतुय," नाना म्हणाले. "तुला बघायचं म्हनतुय. निघून ये."

मल्हारच्या तोंडावरचं सगळं पुसलं गेलं. त्यानं विचारलं, "तात्याकडं फोन द्या."

"दम लागलाय त्याला. बोलतुय, पन फोनवर न्हाय जमायचं. तू ये."

मल्हार बरं म्हणाला आणि त्यानं फोन खिशात ठेवला. मग टँकरच्या चाकाला टेकून खाली बसला.

"गेलं," तो म्हणाला. "तात्या गेलं, दिग्या."

मी म्हटलं, असं कशावरून? समजा खरंच बोलत असले तर? तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आईच्या येळंला म्याबी समजा म्हनलं व्हतं. ह्येच नाना, ह्येच बोलनं. बोलत्यात म्हनं, आन फोनवर देता येत न्हाय."

मी बाजूला जाऊन माझ्या फोनवरून नानांना लावला. पण विचारणार काय? गेले का, असं तर कुणाला विचारत नाहीत. मी तब्येत कशी आहे एवढंच विचारलं. नाना म्हणाले जास्तच आहे, पण शुद्धीत आहे. आणि मग म्हणाले, तू हायेस न्हवं त्याच्यासंगं, गाडी सावकाश हाना. तिथं माझीही खात्री पटली. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्याला आमच्याकडं लवकर ये म्हणतात. सावकाश ये म्हणतात ते मातीला येणाऱ्याला, म्हणजे ज्याला शेवटची मूठभर माती टाकायला यायचं असतं त्याला. ज्या रीतीवर मी एवढा भांडायचो, तिची भाषा मला पोटातून येत होती. मी परत आलो आणि मल्हारला काही सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

मी म्हटलं, चल, गाडी काढतो. तो उठेना. त्याची थोरली बहीण, दैवशाला आक्का, पुण्याला दिली आहे. ती आल्याशिवाय तात्यांना उचलणार नाहीत आणि ती सकाळशिवाय पोचत नाही, हे तो मला शांतपणे सांगायला लागला, जणू मला ठाऊकच नव्हतं. मग म्हणाला, "घरी गेलं की तात्या मेलं, दिग्या. हितं हाय तवर न्हाय. मला जरा येळ बसू दे."

आईच्या वेळी हा धावत गेला होता. आता त्याला धावायचं नव्हतं. आम्ही पुन्हा गर्दीत जाऊन उभे राहिलो.

गायकानं संथ गाणं धरलं आणि सगळ्यांना मोबाइलचे दिवे वर धरायला सांगितलं. सगळं मैदान उजळलं. मल्हारनंही हात वर केला. त्याच्या फोनवर नानांचं नाव आलं, आवाज बंद असल्यामुळं नुसतंच चमकलं, आणि गेलं. पुन्हा आलं. मी त्याचा हात खाली ओढला आणि म्हटलं, घे तरी. तो म्हणाला, कशाला, लोकं जमली असत्याल, कुठवर आलास म्हनून इचारत्याल. त्यानं पुन्हा हात वर केला. नानांचं नाव त्याच्या डोक्यावर चमकत होतं आणि तो खाली डोळे मिटून, रडत, गायकाच्या मागं मागं म्हणत होता. मला कळलं की तो बरोबर शब्द म्हणत नव्हता. तो तात्यांचे चुकीचे शब्द म्हणत होता.

शेजारच्या एका पोराला वाटलं, हा पोरीसाठी रडतोय. त्यानं मल्हारच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, सोड भाऊ, दुसरी मिळंल. मी त्याच्या अंगावर जाणार होतो. मल्हारनं त्याच्याकडं बघून मान हलवली, व्हय म्हणाला, आणि गात राहिला.

कार्यक्रम संपायच्या आधी आम्ही निघालो. गाडी माझ्या वडिलांची मोटारसायकल होती आणि मी ती सावकाशच चालवली. मल्हार मागं बसला होता. येडशीला रस्त्याकडेच्या एका हॉटेलपाशी मी थांबलो. मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतलं कुणीतरी भाकरी आणतं तेही माती झाल्यावर, आणि लेकाच्या पोटात घास जातो तो सगळ्यात शेवटी. उद्या दुपारपर्यंत पोरगं उपाशी राहणार, म्हणून शहाणी माणसं वाटेत खाऊन घेतात. हे मला माझ्या आजोळी शिकवलं आहे. मी शेवभाजी आणि चपात्या मागवल्या आणि त्याला म्हटलं, खाल्ल्याशिवाय गाडी पुढं जाणार नाही.

तो खाऊ लागला आणि खाता खाता बोलू लागला. लहानपणी मेंढरं घेऊन बालाघाटाच्या खाली उतरायचे तेव्हा तात्या त्याला घोंगड्यात बांधून पाठीवर घ्यायचे. एकदा घोड्यावरचं सगळं बिऱ्हाड ओढ्यात पडलं, तर तात्यांनी आधी कोंबडी वाचवली आणि मग बायकोचं लुगडं, त्यावरून आई वर्षभर बोलत होती. हे सांगताना मल्हार हसला. मीही हसलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, अजून चपाती देऊ का, आणि मल्हार म्हणाला, द्या. मला बरं वाटलं. मी चहाही सांगितला.

निघताना त्यानं अंगावरच्या लाल शर्टाकडं बघितलं. असं कसं जायचं, म्हणाला. मी माझं जॅकेट काढून त्याला दिलं आणि त्यानं गळ्यापर्यंत चेन लावून घेतली.

येरमाळ्याच्या पुढं डांबरी सुटली. कच्च्या रस्त्यानं चढ चढलो तशी वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. मल्हारनं माझ्या पाठीला कपाळ टेकवलं होतं. मला अंगण दिसलं आणि मी गाडीचा वेग कमी केला. अंगणात कुणी बसलेलं नव्हतं. एकही माणूस नाही, एकही गाडी नाही. घरात दिवा होता, आणि बाजूच्या छपरातून धूर वर चालला होता.

मल्हारनं डोकं वर केलं. माझा खांदा त्यानं इतका जोरात धरला की गाडी हलली.

"दिग्या," तो म्हणाला, "चूल पेटलीय."

गाडी थांबायच्या आत तो उतरला, पडला, उठला आणि पळाला. मी स्टँड लावायचं विसरून गाडी तशीच आडवी टाकली आणि त्याच्या मागं गेलो. त्या पाचपन्नास पावलांत मला जेवढा आनंद झाला तेवढा आयुष्यात कधी झाला नव्हता. आपण मूर्ख ठरलो, याचा आनंद.

आत तात्या खाटेवर होते, पाठीला उशा लावून बसते केलेले. नानांनी त्यांचा हात धरला होता. धुरपदा काकू, म्हणजे नानांची बायको, पेजेची वाटी घेऊन समोर बसल्या होत्या आणि पदरानं तात्यांची हनुवटी पुसत होत्या. मला वाटलं, भरवताहेत. मल्हारलाही तसंच वाटलं असणार, कारण तो तात्या म्हणून हाक मारत दारातच गुडघ्यावर बसला. काकूंनी त्याच्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आत्ता रं लेकरा. आत्ताच गेलं."

मल्हार गुडघ्यांवरच पुढं सरकला. त्यानं बापाचे पाय धरले, मग हात, मग गाल. नानांकडं बघून म्हणाला, "गरम हायेत की. नाना, गरम हायेत."

काकू उठल्या, बाहेर गेल्या आणि चुलीवर पाणी ओतलं. ते चर्र झालेलं आत ऐकू आलं. ओला धूर घरात शिरला आणि मग काकूंनी मोठ्यानं रडायला सुरुवात केली. आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं धावत येऊ लागली.

नाना चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. मल्हारच्या शेजारी जमिनीवर बसून एवढंच म्हणाले, "म्या सांगितलं व्हतं, बोलतुय म्हनून. मदी दम जरा कमी झाला, तवा त्यानंच फोन लावाय लावला. कानाला धरून बसला व्हता. तू उचलला न्हाईस."

"आईच्या येळंलाबी तुमीच म्हनला व्हता, नाना. बोलतीय म्हनून."

साठीचा तो माणूस, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांत पटका धरून रडायला लागला. पोराला त्या वेळी वाचवायला म्हणून जे बोलले, त्याची किंमत त्यांना आत्ता कळत होती, आणि ती त्यांनी नाही, पोरानं भरली होती. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. सगळ्या आयुष्याचा साठवलेला राग होता. तो कुठं गेला कळेना. येडशीला चहा मीच सांगितला होता.

जरा वेळानं नानांनी मल्हारच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होता. जाताना म्हणाला, पोराला बोलू नका, मीच जा म्हनलं व्हतं. मल्हारनं ते ऐकलं आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते ऐकून त्याला थोडं रडता आलं.

दैवशाला आक्काला कळवायचं राहिलं होतं. नानांनी मला बाजूला बोलावून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, तू शिकलेला हायेस, नीट सांग. तब्येत जास्त हाय, आठवन काढत्यात, एवढंच म्हन, आन जावयाला गाडी सावकाश हानाय सांग. आत्ता एवढं होऊनही. मागून मल्हारचा हात आला आणि त्यानं फोन काढून घेतला.

"आक्का," तो म्हणाला, "तात्या गेलं. आत्ता, थोड्या येळामागं."

तिचा टाहो अंगणात सगळ्यांना ऐकू आला. भावकीतली एक म्हातारी पुटपुटली, असं सांगत असत्यात व्हय, जीव जाईल पोरीचा. मल्हार फोन कानाला धरून उभा राहिला. तिनं श्वास घेईपर्यंत थांबला. मग ती काहीतरी विचारत होती.

"व्हय, व्हतो की जवळ," मल्हार म्हणाला.

पुन्हा तिनं विचारलं.

"बोललं. तुझं नाव घेतलं. आक्काला रडू देऊ नका म्हनलं. त्रास न्हाय झाला, माझ्या मांडीवर गेलं."

एकदाही अडखळला नाही. जॅकेटची चेन थोडी उघडली होती आणि आतून लाल शर्ट दिसत होता. मी अंगणातून बाहेर गेलो, आडवी पडलेली गाडी उभी केली आणि उगाच पुसत बसलो.

आक्का उजाडता आली. नवऱ्यानं गाडी सावकाश चालवली होती. ती तात्यांच्या उशाशी बसली आणि आमच्याकडच्या बायका रडतात तशी, सांगून सांगून रडायला लागली. माझ्या बापानं जाताना माझं नाव घेतलं, लेकीला रडू देऊ नका म्हनला, माझ्या भावाच्या मांडीवर सुखानं गेला. आलेल्या बायका तिला थोपटत होत्या, म्हणत होत्या, भाग्याचा बाप तुझा, लेक जवळ होता. काकूंना सगळं माहीत होतं. त्यांनीही मान हलवली. रडता रडता आक्काच्या तोंडावर कुठंतरी शांत वाटत होतं, आणि मल्हार समोर बसून ते बघत होता.

मग तो उठून बाहेर आला. नाना आणि मी मेंढरांच्या वाड्यापाशी बसलो होतो. तो नानांच्या पुढ्यात बसला आणि बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला.

"नाना," तो म्हणाला, "पोराला बोलू नका, मीच जा म्हनलं व्हतं, असं तात्या म्हनलं म्हनून तुमी सांगितलं. ते खरंच म्हनलं व्हतं का?"

"खरंच म्हनला," नाना म्हणाले. "येरमाळ्याच्या येडाईची आन."

मल्हार त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. नाना खरं सांगत होते. मला ते त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. मल्हारला ते दिसत नव्हतं.